किल्लारीच्या भूकंपाची आठवण: आई आणि मामा यांचे सांगणे जुळत नाही, त्याचा अर्थ काय घ्यावा?

तेरणाकाठ

सर्वांना नमस्कार. माझे आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून फार लांब नसलेल्या एका गावात आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपात जुने गाव पूर्ण पडले. आज जे गाव आहे ते नव्या जागी वसवलेले आहे. नुकतेच अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते, आणि दगड-मातीच्या रुंद भिंती व वर मातीचे जड माळवद अशा घरांत झोपलेली माणसे झोपेतच गाडली गेली, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेल. आमच्या घरातून माझी आजी आणि सर्वांत धाकटी मावशी त्या रात्री गेल्या. आजोबा शेतावर राखणीला होते म्हणून वाचले. आई तेव्हा 19 वर्षांची होती आणि घरातच ढिगाऱ्याखाली सापडली. मामा 14 वर्षांचा होता. तो विसर्जनाहून परत आल्यावर मित्रांबरोबर देवळाच्या पारावरच झोपला होता.

अलीकडे एका महाविद्यालयाचे विद्यार्थी भूकंपातून वाचलेल्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्यासाठी आमच्याकडे आले होते. आईने त्यांना सांगितले की त्या रात्री डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा अंधार होता, पाऊस पडत होता, शेजारच्या काकांनी तिला थोड्याच वेळात बाहेर ओढले आणि आजीच्या हाका मात्र बराच वेळ ऐकू येत होत्या. मामा शेजारीच बसला होता. त्याने तिला मध्येच थांबवले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पाऊस त्या रात्री नव्हताच, तो नंतरच्या दिवसांत आला. रात्र तर चांदण्याची होती. आईला बाहेर काढेपर्यंत ऊन वर आले होते, तिला काढणारे आजोबा आणि गावातले दोघे तरुण होते, आणि आजीची हाक त्याने ऐकलीच नाही. "अक्का, काहीही सांगू नको, हे रेकॉर्ड व्हायलंय," असे तो सर्वांसमोर म्हणाला. आई उठून आत गेली. तेव्हापासून ती त्या विषयावर एक अक्षरही बोललेली नाही, आणि मामाशीही तुटक वागते आहे.

दुसरी गोष्ट याला जोडूनच आहे. आम्ही आता लातूर शहरात राहतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या आवाजाने खिडक्यांची तावदाने आणि मांडणीवरची भांडी थरथरू लागली की आई दचकून दाराकडे धावते, घामाने भिजते आणि "बाहेर व्हा, बाहेर व्हा" असे ओरडते. त्या काही क्षणांत मी समोर उभा आहे हेही तिच्या लक्षात येत नाही. नंतर विचारले तर ती सांगते की तिला जुने काही आठवले असे नव्हते, ते सगळे तिथे पुन्हा होत होते. मला चमत्कारिक वाटणारी बाब अशी की तिला दर वेळी भिंत पडताना दिसत नाही. तिला ऐकू येतो तो घरातल्या उतरंडीच्या मडक्यांचा खडखडाट.

जी गोष्ट तिला इतकी जिवंत दिसते, तिचा तपशील चुकीचा असू शकतो का? दोघांपैकी कुणाचे खरे मानावे? आणि इतक्या वर्षांनंतर उपचाराचा काही उपयोग होतो का? या विषयातील जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.


मनोविकारतज्ज्ञ, सोलापूर

तुमच्या आईंना न पाहता मी निदान करणार नाही. परंतु तुम्ही लिहिले आहे ते आमच्या क्षेत्रात चांगले परिचित आहे आणि त्याबद्दल निश्चितपणे सांगता येण्यासारखे बरेच आहे.

आधी तुमच्या प्रश्नातील एक गृहीत बाजूला काढतो. आई खऱ्या की मामा खरे, असे दोनच पर्याय इथे नाहीत. चतुर्दशीच्या रात्री पहाटे चारच्या सुमारास चंद्र पश्चिमेकडे असतोच. आकाश मोकळे असेल तर पारावर झोपलेल्या मुलाला चांदणे दिसले, आणि त्याच वेळी माळवदाच्या मातीखाली अडकलेल्या मुलीला काळोखाशिवाय काही दिसले नाही. दोघांनी वेगवेगळ्या रात्री पाहिल्या असे म्हणणे अधिक योग्य होईल. आजीच्या हाकेचेही तसेच आहे. मामांनी हाक ऐकली नाही यावरून हाक आलीच नाही असे ठरत नाही, कारण ते पारावरून घरापर्यंत केव्हा पोहोचले आणि ढिगाऱ्याच्या कोणत्या बाजूला उभे होते, हे त्या गोंधळात त्यांनाही नेमके सांगता येणार नाही. उलट, आईंना ती हाक ऐकू आली म्हणजे ती खरोखरच बराच वेळ येत होती, असेही म्हणता येत नाही. ढिगाऱ्याखालच्या माणसाचा वेळेचा अंदाज जवळजवळ नेहमीच चुकतो. काहींना अर्धा तास दिवसभराचा वाटतो, तर काहींना चार तास दहा मिनिटांसारखे वाटतात. म्हणूनच "थोड्याच वेळात बाहेर काढले" आणि "ऊन वर आले होते" या दोन वाक्यांतील तफावत मला मुळीच धक्कादायक वाटत नाही.

असे का होते, ते थोडे समजून घ्यावे लागेल. जिवावर बेतलेल्या क्षणी शरीरात ॲड्रिनॅलिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या संप्रेरकांचा लोंढा येतो आणि मेंदूतील अमिग्डाला हा भाग, ज्याचे मुख्य काम धोका ओळखणे हे आहे, तो त्या क्षणाची नोंद खोलवर होण्यास मदत करतो. 1994 मध्ये लॅरी कॅहिल, जेम्स मॅक्गॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्वयंसेवकांना नॉरॲड्रिनॅलिनचा परिणाम रोखणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध देऊन एक भावनिक प्रसंग असलेली गोष्ट चित्रांसह ऐकवली. ज्यांनी औषध घेतले नव्हते त्यांना गोष्टीतील भावनिक भाग आठवड्यानंतर अधिक चांगला आठवला, औषध घेतलेल्यांच्या बाबतीत हा फरक दिसेनासा झाला. म्हणजे भीतीमुळे आठवण पक्की होते हे खरेच आहे. परंतु ती सगळीच्या सगळी पक्की होत नाही. लक्ष धोक्याच्या भोवती आकसते, त्यामुळे मध्यवर्ती गोष्ट ठसठशीत राहते आणि कडेचे तपशील, म्हणजे कोण कुठे होते, आधी काय झाले आणि नंतर काय, किती वेळ गेला, हे निसटते. घटना स्थळाशी, काळाशी आणि क्रमाशी बांधून ठेवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग करतो, आणि ताण फार तीव्र झाला, कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक फार वाढले, की त्याचे काम ढासळते. अमेरिकी सैन्यातील पाचशेहून अधिक जणांना बनावट युद्धकैदी छावणीत ठेवून केलेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याने आपल्याला समोर बसवून तीव्र दडपणाखाली प्रश्न विचारले त्या माणसाला दुसऱ्या दिवशी ओळख परेडीत बरोबर ओळखणारे सुमारे 30 टक्के निघाले, तर सौम्य चौकशी करणाऱ्याला ओळखणारे सुमारे 62 टक्के. हे सगळे प्रशिक्षित, निरोगी, तरुण लोक होते, हे लक्षात घ्यावे.

आता पावसाकडे येतो. आठवण दर वेळी काढली जाते तेव्हा ती काही प्रमाणात नव्याने रचली जाते, पडलेला वाडा पुन्हा बांधताना आपले दगड अपुरे पडले तर शेजारच्या पडझडीतले दगडही त्याच भिंतीत बसावेत, तशी. भूकंपानंतरचे ते दिवस पावसाचे, चिखलाचे आणि पत्र्याच्या निवाऱ्यांचे होते. त्या निवाऱ्यांत प्रत्येक जण आपापली रात्र इतरांना सांगत होता आणि जिला काढणारे शेजारचे काका होते अशीही कुणीतरी तिथे असणारच. पाऊस खरा, काकाही खरे, परंतु ते कोणत्या प्रसंगाचे याची चिठ्ठी सुटली असण्याची शक्यता मोठी आहे. यात खोटेपणाचा अंशही नाही.

जिवंतपणा आणि अचूकपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे दाखवणारा प्रसिद्ध अभ्यास अमेरिकेतील चॅलेंजर यानाच्या अपघाताबद्दलचा आहे. 28 जानेवारी 1986 रोजी यान फुटले. दुसऱ्याच दिवशी एमरी विद्यापीठातील विद्यार्थ्यांकडून उलरिक नायसर आणि निकोल हार्श यांनी ती बातमी कुठे, कशी कळली हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी त्यांपैकी 44 जणांना पुन्हा तेच विचारले. सुमारे पाव जणांचे एकही मुख्य उत्तर पहिल्या लेखाशी जुळले नाही आणि तरीही त्यांची खात्री पक्की होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही काहींनी आपली आताची आठवणच बरोबर असल्याचे सांगितले. अर्थात ती बातमी ऐकल्याची आठवण होती, ढिगाऱ्याखाली सापडल्याची नव्हे, म्हणून तिचा आधार मी मर्यादितच घेतो. अधिक जवळचा अभ्यास 1997 चा आहे: आखाती युद्धाहून परतलेल्या 59 सैनिकांना स्टीव्हन साउथविक आणि सहकाऱ्यांनी एक महिन्याने आणि दोन वर्षांनी तीच प्रश्नावली दिली. 88 टक्के जणांचे निदान एक उत्तर बदलले, आणि सुमारे 70 टक्क्यांना दोन वर्षांनी असे काहीतरी आठवत होते जे एका महिन्याने त्यांनी नाकारले होते. ज्यांना त्रासाची लक्षणे अधिक, त्यांच्या आठवणीत भर पडण्याचे प्रमाणही अधिक होते.

मिरवणुकीच्या वेळी जे घडते ते मात्र आठवण्यापेक्षा वेगळे आहे. त्याला फ्लॅशबॅक म्हणतात, आणि त्याची ओळख हीच की त्याला भूतकाळाची जाणीव नसते. माणसाला ते आत्ता, इथे घडत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आघातोत्तर ताणविकाराचे, म्हणजे पीटीएसडीचे, वर्णन करताना हे "वर्तमानात पुन्हा घडणे" केंद्रस्थानी ठेवले आहे. मानसशास्त्रज्ञ ख्रिस ब्रेविन यांची मांडणी अशी आहे की आघाताच्या आठवणीचे दोन थर असतात: एक शब्दांत सांगता येणारा, ज्याला काळ आणि स्थळ जोडलेले असते, दुसरा दृश्य, आवाज, वास आणि शरीराच्या संवेदनांचा, जो सारख्या खुणेने आपोआप पेटतो आणि ज्याला तारीख नसते. डेव्हिड रुबिन आणि डॉर्थे बर्न्टसेन यांच्यासारख्या संशोधकांना ही दोन थरांची कल्पना मान्य नाही. त्यांच्या मते स्मृतीची यंत्रणा एकच आहे, तीव्रता तेवढी वेगळी. वाद मिटलेला नाही. रुग्णांचे ऐकत आल्यावर माझा कल ब्रेविन यांच्याकडे आहे, एवढेच सांगतो.

उतरंडीच्या खडखडाटाबद्दल तुम्हाला आश्चर्य वाटते. मला तो तुमच्या पत्रातील सर्वांत बोलका तपशील वाटला. आंके एलर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले आहे की मनात घुसणारी दृश्ये बहुधा सर्वांत भयंकर क्षणाची नसतात, तर त्याच्या लगेच आधी जे दिसले किंवा ऐकू आले त्याची असतात. मेंदूने ती धोक्याची पूर्वसूचना म्हणून राखून ठेवलेली असते. मडकी वाजली आणि पाठोपाठ घर कोसळले. म्हणून मांडणीवरची भांडी वाजताच त्यांचे शरीर दाराकडे धावते.


जुना वकील

डॉक्टरांनी जे लिहिले ते आम्ही कोर्टात रोज पाहतो, फक्त तिथे त्याचे परिणाम फार कठोर असतात, म्हणून थोडे लिहितो.

साक्षीदाराने पोलिसांना दिलेला जबाब आणि त्याने पिंजऱ्यात उभे राहून सांगितलेली हकिकत यांतील फरक शोधणे हा उलटतपासणीचा नेहमीचा मार्ग आहे. जबाबात जे नव्हते ते कोर्टात आले की बचाव पक्ष "ओमिशन" म्हणून ते नोंदवून घेतो आणि साक्षीदार नंतर शिकवून आणलेला आहे असा युक्तिवाद करतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 161 खाली आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 180 खाली घेतला जाणारा हा जबाब पुष्कळदा घटनेनंतर काही तासांतच, रुग्णालयातील खाटेवर, पोलिसाच्या भाषेत लिहिला गेलेला असतो. साउथविक यांच्या सैनिकांसारखा एखादा माणूस, ज्याला दोन वर्षांनी अधिक आठवते, तो आमच्याकडे हमखास खोटा ठरण्याच्या धोक्यात असतो.

सर्वोच्च न्यायालयाने मात्र याचा विचार फार पूर्वी केलेला आहे. भरवाडा भोगिनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या 1983 च्या निकालात न्यायमूर्ती ठक्कर यांनी लिहिले आहे की साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मरणशक्तीची अपेक्षा ठेवता येत नाही. घटना त्याच्यावर अचानक कोसळलेली असते, तिची त्याला पूर्वकल्पना नसते. एका गोष्टीकडे एकाचे लक्ष जाते, दुसऱ्याचे जात नाही. वेळ आणि कालावधी माणसे अंदाजाने सांगतात आणि ते अंदाज माणसागणिक बदलतात. शिवाय कोर्टातील वातावरण आणि बोचरी उलटतपासणी यांनी साक्षीदार गोंधळून जातो. म्हणून प्रकरणाच्या मुळाशी न जाणाऱ्या किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये, असे ते सांगतात. 1996 च्या पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग या निकालात लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांबाबत हाच दृष्टिकोन आणखी ठामपणे आला आहे. मेंदूविज्ञानाचा एकही शब्द न वापरता न्यायालयाने 1983 मध्ये जे लिहिले ते वाचताना मला आजही कौतुक वाटते.

यातील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विसंगती म्हणजे खोटेपणा नव्हे, हे जितके खरे, तितकेच साक्षीदार रडला, थरथरला, अगदी खात्रीने बोलला म्हणून त्याची ओळख बरोबर ठरत नाही, हेही खरे. आरोपीची ओळख परेड उशिरा झाली, त्याआधी त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रांत छापून आले, तर साक्षीदाराच्या मनातला चेहरा घटनेतला की वर्तमानपत्रातला, हे त्यालाच सांगता येत नाही. ज्यांनी खरोखर सोसले आहे अशा माणसांच्या प्रामाणिक ओळखीवर निरपराध माणूस अडकू शकतो. त्यामुळे आम्ही वैद्यकीय पुरावा, पंचनामा, फोनच्या नोंदी यांकडे आधी पाहतो आणि मग साक्षीकडे वळतो.

तुमच्या घरी कोणताही खटला चाललेला नाही. तरीही मामांनी त्या दिवशी जे केले ते उलटतपासणीच होते, असे मी आदरपूर्वक म्हणेन.


विरार फास्ट

मी सहसा इथे फक्त वाचतो. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, त्यांपैकी एका गाडीत मी होतो. स्फोट प्रथम वर्गाच्या डब्यात झाला आणि मी त्याला लागून असलेल्या डब्यात उभा होतो.

फ्लॅशबॅकबद्दल बाहेरच्यांची कल्पना चित्रपटांमुळे अशी झाली आहे की संपूर्ण प्रसंग डोळ्यांसमोर क्रमाने सरकतो. माझ्या बाबतीत तसे कधीच झाले नाही. जळक्या वायरीचा वास आला की छातीत दाब येतो, कान बंद झाल्यासारखे होतात आणि आजूबाजूची माणसे तोंड हलवताना दिसतात पण आवाज येत नाही. किती तरी वर्षे मला हे आठवण म्हणून ओळखताही आले नाही. मी हृदयाच्या तपासण्या करून घेत होतो. नंतर लक्षात आले की स्फोटानंतर काही वेळ माझे कान खरोखरच बंद झाले होते आणि शरीर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत होते.

दुसरी गोष्ट लिहिताना मला अजूनही संकोच वाटतो, पण ती या चर्चेला उपयोगी आहे. मला रुळांवर पडलेली एक व्यक्ती दिसत असे, तिचा चेहरा माझ्या भावाचा असे. माझा भाऊ त्या दिवशी नागपुरात होता. म्हणजे जे कधी घडलेच नव्हते, ज्याची त्या क्षणी मला धास्ती वाटली होती (तो मुंबईत असता तर याच गाडीने आला असता), तेही खऱ्या दृश्यांच्या रांगेत येऊन बसले होते आणि त्यांच्याइतकेच ठसठशीत होते. मी वेडा होत चाललो आहे असे मला वाटे. उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितले की फ्लॅशबॅकमध्ये घडलेल्या गोष्टींबरोबर भीतीने कल्पिलेल्या गोष्टीही येतात, आणि हे अनेकांना होते.

उपचाराची पद्धत कशी असते हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. सुरुवातीला त्यांनी माझ्याकडून काहीही काढून घेतले नाही. आधी स्वतःला खोलीत परत कसे आणायचे ते शिकवले. पाय जमिनीवर दाबणे, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावे मोठ्याने घेणे, आजची तारीख आणि वार उच्चारणे, असे अगदी साधे. त्यानंतर मात्र तो प्रसंग डोळे मिटून, वर्तमानकाळात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायला लावला, त्याचे ध्वनिमुद्रण केले आणि ते घरी ऐकायला दिले. पहिल्या काही वेळा अंग थरथरले. माझ्या मते खरा फरक पडला तो शेवट जोडल्यावर. माझी आठवण नेहमी डब्यातच संपत असे. मी खाली उतरलो, रुळांवरून चालत गेलो, अनोळखी लोकांनी पाणी दिले, रात्री उशिरा घरी पोहोचलो, हे सर्व मला माहीत होते, पण त्या दृश्याला ते कधी जोडलेलेच नव्हते. वारंवार सांगून ते जोडले गेले. वास आजही ओळखू येतो, छातीही क्षणभर भरून येते; मात्र ते 2006 चे आहे हे त्याच क्षणी कळते.

तुमच्या आईंना एक प्रश्न हळूच विचारता येईल का, बाहेर काढल्यानंतर पुढे काय झाले, असा? घाई मात्र करू नका.


शंकासुर

चर्चा चांगली चालली आहे, तरी एक शंका मांडतो. पावसापासून काकांपर्यंत सर्व काही बदलू शकत असेल, तर संमोहनाने किंवा तशाच एखाद्या पद्धतीने मूळ, शुद्ध आठवण बाहेर काढता येत नाही का? "दडलेल्या आठवणी जाग्या करतो" अशा जाहिराती मी पाहिल्या आहेत. मामांच्या आणि आईंच्या वादाचा निकाल तरी लागेल.


मनोविकारतज्ज्ञ, सोलापूर

असे कृपया करू नका. संमोहनाखाली माणूस अधिक बोलतो, परंतु त्यातील चुकीचे तपशीलही वाढतात आणि त्या सर्वांवरची त्याची खात्री मात्र पक्की होते. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1974 च्या प्रयोगात मोटारींच्या अपघाताची एकच चित्रफीत पाहिलेल्या लोकांना प्रश्नात "धडकल्या" ऐवजी "आपटून चक्काचूर झाल्या" अशा अर्थाचे क्रियापद वापरले, तर त्यांनी वेग जास्त सांगितला आणि आठवड्यानंतर त्यांच्यापैकी अधिक जणांना न फुटलेल्या काचाही आठवल्या. एका क्रियापदाने जर हे होत असेल, तर "नीट आठवा, अजून काहीतरी असेल" असे तासन्‌तास सांगणाऱ्या माणसासमोर काय होईल, याचा विचार करावा. अमेरिकेत 1980 आणि 1990 च्या दशकांत अशा "जाग्या केलेल्या" आठवणींवरून कुटुंबे मोडली आणि खटलेही झाले. बाहेर काढण्यासारखी मूळ प्रत कुठे ठेवलेली असते, ही कल्पनाच चुकीची आहे.

विरार फास्ट यांनी वर्णन केलेल्या उपचाराचा हेतूही आठवण शुद्ध करणे हा नाही. प्रसंगाला भूतकाळात त्याची जागा मिळावी आणि शरीराने दर वेळी दाराकडे धावू नये, इतकाच त्याचा हेतू आहे. या पद्धतीला आणि डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणाऱ्या ईएमडीआर या पद्धतीला चांगला पुरावा आहे; गरज असेल तर सर्ट्रालीनसारखी औषधेही देतात. झोपेसाठी आणि भीतीसाठी बेंझोडायझेपीन गटातील गोळ्या वर्षानुवर्षे घेत राहणे मात्र टाळावे, त्या मूळ त्रासावर उपाय ठरत नाहीत. काळ उलटून गेला म्हणून उपयोग होत नाही, असे मुळीच नाही; युद्धातून परतल्यावर कित्येक दशकांनी उपचार घेऊन बरे वाटलेले सैनिक आहेत.


तेरणाकाठ

सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. विरार फास्ट दादांनी लिहिलेले मी आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही, नंतर "त्यांचे कान बंद झाले होते, माझ्या तोंडात माती होती" एवढेच म्हणाली. ही मातीची गोष्ट आम्ही घरात कुणीही कधी ऐकलेली नव्हती.

दोन व्यावहारिक प्रश्न उरतात. विद्यार्थ्यांचा पुन्हा फोन आला असून त्यांना एकच, दुरुस्त केलेले कथन हवे आहे. आणि मामाचे काय करावे? तो स्वतःला पूर्ण बरा समजतो. परंतु वडिलांनी काल सांगितले की नव्या गावातल्या पक्क्या घरातही तो कधी आतल्या खोलीत झोपत नाही, पावसाळ्यातसुद्धा ओसरीवरच पडतो, आणि आजीचा विषय निघाला की तारखा व वेळा सांगू लागतो. आम्ही त्याला आजवर हट्टी स्वभावाचा माणूस समजत होतो.


मनोविकारतज्ज्ञ, सोलापूर

मामांबद्दल तुम्ही लिहिलेत ते बरे झाले, कारण पहिल्या पत्रावरून मला हीच शंका आली होती आणि आधाराशिवाय ती बोलून दाखवणे योग्य नव्हते. टाळणे हेही या विकाराचे एक मुख्य लक्षण आहे, आणि ते आरडाओरड्यासारखे डोळ्यांवर येत नसल्याने घरचे लोक त्याला स्वभाव म्हणून सोडून देतात. चौदा वर्षांचा मुलगा पारावर झोपल्यामुळे वाचला आणि आई व बहीण आत राहिल्या. "आजी जागच्या जागी गेली" असे मानण्याची त्यांना किती गरज असेल, ते पाहा. हाक येत होती असे मानले, तर आपण ती का ऐकली नाही, आधी का पोहोचलो नाही, हे प्रश्न त्यांच्यासमोर उभे राहतात. बहिणीच्या तोंडून ती हाक निघताच त्यांनी तिला का थांबवले असेल, याचे हे एक संभाव्य कारण आहे. ते खरेच आहे असे मी म्हणत नाही, आणि तुम्हीही ते त्यांना सुनावू नका. त्यांच्या सांगण्यातील चांदणे, ऊन, माणसांची नावे हे बाहेरून पाहिलेले असल्यामुळे तिथे त्यांचे म्हणणे अधिक विश्वसनीय धरता येईल; हाकेबाबत मात्र आईंइतक्या जवळ कुणीच नव्हते.

विद्यार्थ्यांना एकच कथन देऊ नका. दोघांची मुलाखत वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोलीत घ्यावी आणि कोण त्या वेळी कुठे होते याची नोंद प्रत्येक कथनाच्या सुरुवातीला असावी. "आणि मग काय झाले?" याखेरीज कुठलाही सुचवणारा प्रश्न विचारू नये, आणि थांबायचे असेल तेव्हा थांबण्याची मुभा आधीच सांगून ठेवावी. पाऊस केव्हा पडला हे त्यांना हवामानाच्या नोंदींतून आणि त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांतून तपासता येईल. त्यासाठी तुमच्या आईंना साक्षीला बसवण्याची आवश्यकता नाही. आईंची मुलाखत मी तरी सध्या पुढे ढकलेन. आधी उपचार सुरू व्हावेत, कारण मायक्रोफोनसमोर एकदा सांगणे आणि प्रशिक्षित माणसासमोर टप्प्याटप्प्याने सांगणे यांचा परिणाम सारखा नसतो.

लातूरमध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार विभागात जाता येईल. आधी फोनवर बोलायचे असेल तर टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य, चोवीस तास आणि मराठीतून मिळते. मामा स्वतःसाठी जाणार नाहीत, असे दिसते. अक्काला सोबत म्हणून या, असे सांगून पाहा. आणि येत्या गणपतीत मिरवणुकीचा मार्ग तुमच्या घरावरून जात असेल, तर त्या संध्याकाळी त्यांना न सांगता दुसरीकडे नेऊ नका. मांडणीवरची भांडी आधी खाली काढून ठेवायची की गावाला जायचे, हे त्यांनाच ठरवू द्या.